ऑडिओबुकच्या परीक्षणात आवाजाचीही दखल हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुस्तक ऐकणे हा वाचनाचा आळशी पर्याय आहे, अशा सुराचा लेख रविवारच्या पुरवणीत आला होता. तो मुलीकडून वाचून घेतला आणि राहवले नाही म्हणून हे पत्र.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझे वाचन बंद होते. मुलीने फोनवर एक इंग्रजी ऑडिओबुक लावून दिले. हरवलेल्या भावाला आणायला टेकडीच्या पोटातल्या परीलोकात उतरणाऱ्या मुलीची ती अद्भुतकथा. परी म्हटले की आपल्याला पंख आणि जादूची कांडी आठवते. स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोककथांतला परीलोक एवढा गोंडस नाही. तिथला घास खाल्ला की परतीची वाट बंद. आयरिश कथेतला ओशीन तिथून परततो, घोड्यावरून खाली पडतो आणि जमिनीला अंग लागताच ३०० वर्षांचे वय त्याला एकदम गाठते.

अशा नायिकांची थोरली बहीण म्हणजे ‘टॅम लिन’ या स्कॉटिश कथागीतातली जॅनेट. या कथेचा उल्लेख १५४९ सालच्या लेखनातही सापडतो. परीराणीच्या ताब्यातल्या प्रियकराला ती मध्यरात्री घोड्यावरून खाली ओढते आणि मिठीत धरून ठेवते. तो नाग होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेली लोखंडी सळई होतो. ती सोडत नाही. हरलेली राणी त्या प्रियकराला म्हणते, आधी कळले असते तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते! मुलीने हे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा मी काळा चष्मा लावून पडले होते. अंगावर सर्रकन काटा आला.

मी ऐकलेल्या कादंबरीचा शेवटही याच वळणाचा आहे. पण मला पहिल्यांदा मिळालेली आवृत्ती संक्षिप्त होती, आणि ते कळले सगळे ऐकून झाल्यावर. त्यात हा प्रसंग एका वाक्यात उरकला होता: त्याने अनेक रूपे पालटली, पण तिने त्याला सोडले नाही. बस्स. पुढे संपूर्ण आवृत्ती मिळाली. तिथे प्रत्येक रूपानंतर ‘तिने धरून ठेवले’ हेच शब्द येतात आणि निवेदिकेचा आवाज दर वेळी थोडा खाली जातो. शेवटी तो निखारा होतो, त्याआधी ती श्वास घेते. तो श्वास ऐकू येतो. मी उठून बसले.

छापील पानावर तेच वाक्य पुन्हा आले की नजर पुढे सरकते, हे मी स्वतःवरून सांगते. कानाला तशी पळवाट नाही. या कथा त्याच हिशेबाने घडल्या आहेत. स्कॉटिश लेखक सर वॉल्टर स्कॉट यांनी १८०२ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमाभागातली कथागीते छापली. त्यांना गाणी सांगणाऱ्या मार्गारेट लेडलॉ यांनी तोंडावर सुनावले की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हेत, छापून तुम्ही ती बिघडवलीत. ही आठवण त्यांचे चिरंजीव, कवी जेम्स हॉग यांनी लिहून ठेवली आहे. शिवाय ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी ‘बोलकी पुस्तके’ तबकड्यांवर निघाली, तेव्हा त्यांच्या श्रोत्यांना कोण आळशी म्हणेल?

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत ऑडिओबुकचे परीक्षण येईल तेव्हा निवेदकाचे नाव द्यावे, आवृत्ती संपूर्ण आहे की संक्षिप्त ते सुरुवातीलाच सांगावे, आणि पार्श्वसंगीत शब्दांवर चढते का हेही लिहावे. परीक्षकाने मूळ वेगानेच ऐकावे. दीडपट वेगाने लावून पाहिले मी. निखाऱ्याआधीचा तो श्वास ऐकूच येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक