माऊस चालतो, मग एसएसडी का नाही?

पुणे,
नागपंचमी

प्रिय दत्ता,

मदरबोर्ड बदलू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको. फोनवर सांगायला लागलो की तू मधेच 'थांब रे, गिऱ्हाईक आलं' म्हणून गायब होतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. प्रिंट काढ आणि कॉम्प्युटरशेजारी ठेव.

तुझ्या बोलण्यातली एक गोष्ट मी पकडली. कॉम्प्युटरच्या पुढच्या निळ्या यूएसबी पोर्टात माऊस चालतो, जुना पेनड्राइव्ह चालतो, फक्त नवी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली ती बाहेरून लावायची डिस्क, लावली की टुंग-टुंग आवाज येत राहतो आणि डिस्क काही दिसत नाही. यावरून तुझ्या दुकानदाराने ठरवलं की पोर्ट चांगला आहे, तेव्हा बोर्डच गेला. माझा आक्षेप नेमका इथे आहे. माऊस चालण्यावरून निळ्या पोर्टाबद्दल फारसं काही कळत नाही.

निळा पोर्ट म्हणजे एकाच खाचेत बसवलेले दोन पोर्ट. २००० साली यूएसबी २.० आलं, त्याला चार तारा: एक विजेची, एक अर्थची आणि दोन माहितीच्या. २००८ मध्ये ३.० आलं तेव्हा या चार तशाच ठेवून शेजारी पाच नव्या घातल्या. एक जोडी माहिती पाठवायला, एक जोडी घ्यायला आणि पाचवी त्यांच्या अर्थची. तुझ्या केबलचं चपटं टोक बॅटरीच्या उजेडात बघ: तोंडाशी चार सोनेरी पट्ट्या दिसतील आणि आत, जरा खोलवर, पाच बारीक टोकं. माऊस, कीबोर्ड आणि तुझा तो जुना पेनड्राइव्ह फक्त चारांवर चालतात. नव्या पाचपैकी एखादीला गंज धरला, वाकली, तुटली, तर त्यांना पत्ताही लागत नाही. एसएसडीला मात्र लागतो. ती त्या पाच तारांवरून कॉम्प्युटरशी बोलायला जाते, अर्धवट जुळतं, तुटतं, पुन्हा जुळतं. तुझं टुंग-टुंग ते हेच.

म्हणून पहिलं काम असं कर. कॅबिनेटच्या मागे जो साधा काळा २.० चा पोर्ट असेल, त्यात एसएसडी लाव. तिथे ती मुकाट चालली, तर डिस्क शाबूत आहे, फोटो शाबूत आहेत, आणि भानगड त्या पाच तारांच्या वाटेत कुठेतरी आहे. ही वाट म्हणजे केबल, पोर्ट आणि पोर्टापासून बोर्डापर्यंतची वायर. मग मागच्याच निळ्या पोर्टात लाव. मागचे पोर्ट थेट बोर्डावर झाळलेले असतात. पुढचे मात्र कॅबिनेटला असतात आणि हातभर वायरने बोर्डाला जोडलेले असतात. मागे चालतं आणि पुढे नाही, असं निघालं तर बोर्डाचं नाव काढायचं कारण नाही.

नुसतं 'चालतं' म्हणून थांबू नकोस, वेग बघ. एक मोठा व्हिडिओ कॉपीला लाव आणि विंडोजच्या त्या हिरव्या आलेखावरचा आकडा वाच. २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, हातात पडतात जेमतेम ३५ ते ४० मेगाबाइट (आठ बिट म्हणजे एक बाइट). ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट, त्यात बरी एसएसडी ४०० मेगाबाइटच्या आसपास जाते. निळ्या पोर्टात लावूनही आकडा चाळिशीतच अडकला, तर डिस्क गुपचूप जुन्या चार तारांवर उतरली आहे असं समज. कॅमेऱ्यातलं लग्नाचं ६४ जीबीचं भरलेलं कार्ड एका वाटेने पावणेतीन मिनिटांत उतरेल आणि दुसरीने जवळपास अर्धा तास घेईल. कार्ड रीडरही ३.० चा हवा आणि कार्डही तेवढं पळणारं हवं, हे वेगळं सांगायला नको. टोक पोर्टात हळूहळू सरकवलं तरी कधी कधी असं होतं: जुन्या तारा आधी जुळतात आणि डिस्कची नोंद २.० म्हणूनच होते. सरळ धरून एका दमात घाल.

आता केबल. मोबाइलची चार्जिंगची सी-केबल एसएसडीला लावली असशील तर आधी ती काढ. अशा कित्येक केबलींत त्या वेगवान तारा घातलेल्याच नसतात. डिस्कबरोबर खोक्यात आलेली आखूड केबल वापर. आणखी एक गंमत आहे. सी-टोक डिस्कमधून काढून उलटं करून घाल. वरच्या आणि खालच्या बाजूच्या वेगवान तारा वेगवेगळ्या असतात. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने अडतं असं निघालं, तर बहुतेक त्या तोंडात कचरा आहे किंवा एक टोक झिजलंय.

मला खरा संशय मात्र तुमच्या खाऱ्या हवेचा आहे. स्टुडिओ बंदराला लागून, पावसात खिडकी उघडी, कॅबिनेट फरशीवर. मालवणात बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे ही केसाएवढी टोकं किती टिकणार? कॉम्प्युटर बंद कर, मागून पॉवरची केबलच काढ आणि पोर्टात बॅटरी मार. हिरवट किंवा पांढरट बुरशीसारखं काही दिसलं तर मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, पूर्ण वाळू दे, मगच चालू कर. पॉलिश पेपरने घासायचं नाही. वरचा सोन्याचा पातळ थर एकदा गेला की पुढच्या पावसाळ्यापर्यंतही तग धरायचं नाही.

पोर्ट स्वच्छ निघाला तर कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघड. पुढच्या निळ्या पोर्टांची वायर ओळखायला सोपी आहे. जाड, ताठ, आणि बोर्डावर १९ पिनांच्या चौकोनी खोक्यात बसवलेली. ती इतकी ताठ असते की स्वतःच्याच ताणाने एका बाजूने वर उचलली जाते. मग काही पिना लागतात आणि काही सुटतात. सरळ वर ओढून काढ, सरळच दाबून बसव. तिरकी हलवलीस की पिना वाकतात आणि मग दुकानदाराचं म्हणणं आपण स्वतःच्या हाताने खरं करून ठेवतो.

विंडोजकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि दोन दिवस ड्रायव्हर टाकत बसतात. तरी तीन गोष्टी बघून घे. पहिली, तू रोज शट डाउन करतोस तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे अर्धी झोपते आणि सकाळी जुनाच गोंधळ घेऊन उठते. म्हणून रीस्टार्ट कर. त्यानेही फरक पडला नाही तर पॉवरची केबल काढून चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धर. तुमच्याकडे लाइट ज्या तऱ्हेने जाते-येते, त्यात यूएसबीचा कंट्रोलर, म्हणजे पोर्ट सांभाळणारी बोर्डावरची चिप, अडकून बसायला वेळ लागत नाही, आणि एवढ्यावर सुटतोही. दुसरी, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, यूएसबी रूट हब उघडून पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढ. तिसरी गोष्ट अगदी शेवटी: तिथलाच एक्सएचसीआय नावाचा होस्ट कंट्रोलर अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करायचं, म्हणजे तो नव्याने बसतो. त्या क्षणी कीबोर्ड-माऊस मेल्यासारखे होतील, कारण तेही त्याच्याच जिवावर आहेत. घाबरू नकोस. पॉवरचं बटण एकदा नुसतं दाब, बंद झालं की पुन्हा चालू कर.

एसएसडी लावली की वायरलेस माऊस अडखळतो म्हणालास, ती वेगळीच तक्रार आहे आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. ३.० च्या तारांमधून जो रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि तुझ्या माऊसची चिमुकली डाँगलही (माऊसचा सिग्नल पकडणारं पोर्टातलं ते बोंडूक) तिथेच ऐकत बसलेली असते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डाँगल मागच्या काळ्या पोर्टात हलव, विषय संपला.

तुझ्या जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून टिक-टिक आवाज येतो, ते प्रकरण मात्र निराळं. तिला मोटर फिरवायला वीज लागते आणि ३.० चा पोर्ट नियमाने ९०० मिलिअँपिअर देतो, २.० चा ५००. पुढच्या लांब वायरीवर तेवढीही नीट पोचत नाही. ती मागेच लाव, किंवा स्वतःचा अॅडॉप्टर असलेल्या हबवर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर. टिक-टिक आवाज तरीही थांबला नाही तर केबल काढ आणि पुन्हा लावून बघायचा मोह आवर. जुन्या लग्नांचे फोटो तिच्यात आहेत. पुढचं काम डेटा काढून देणाऱ्या माणसाचं. आणि कुठल्याही डिस्कवर विंडोजने 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर कॅन्सल. फॉरमॅट नाही म्हणजे नाही.

समजा एवढं सगळं करून मागचे सगळे निळे पोर्टही, दुसरी केबल आणि दुसरी डिस्क लावूनही, ढिम्म राहिले. मग कंट्रोलर गेला असं मी मान्य करीन. तरी बोर्ड नकोच. ३.० चे पोर्ट असलेलं पीसीआय एक्सप्रेसचं छोटं कार्ड मिळतं, ते बोर्डावरच्या लहान खाचेत बसतं. घेताना त्यावर पुढच्या पोर्टांची ती १९ पिनांची जागा आहे ना, एवढं बघून घे. बोर्डाच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च. खोक्यावर ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ यांपैकी काहीही छापलेलं असलं तरी गोंधळू नकोस, तिन्ही ५ गिगाबिटच. एकाच मुलाचं तीनदा बारसं केलंय.

तुळशीचं लग्न लागेपर्यंत तुझ्याकडे ऑर्डरी नाहीत, तेव्हा घाई करू नकोस. आधी काळ्या पोर्टात लाव आणि कॉपीचा आकडा मला व्हॉट्सअॅपवर पाठव. आकड्यावरून पुढचं सांगतो. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
विन्या

ता. क. दुकानदाराला अॅडव्हान्स दिला नसशीलच. दिला असशील तर त्यात कार्ड आणि चांगली केबल बसते का विचार, तो नाही म्हणणार नाही.