सूनबाईच्या आजारपणाविषयी

अंबाजोगाई

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "आई, तिचे पाय आता बरे आहेत, मग ती पूर्वीसारखी का वागत नाही?" या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सूनबाईला झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब करते. त्या तंतूंपैकी काहींवर पाय चालतात, तर काहींवर विचार, आठवण आणि भावना चालतात. त्यामुळे ज्याचे चालणे उत्तम आहे त्यालाही विचार करताना अडचण येऊ शकते. अशी अडचण साधारण ४० ते ६५ टक्के रुग्णांना येते. १८६८ साली या आजाराचे नीट वर्णन करणारे फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनीही रुग्णांची स्मरणशक्ती मंदावते, हे पुढे आपल्या व्याख्यानांत सांगितले होते.

सर्वांत आधी मंदावतो तो विचाराचा वेग. काळ्या रानातून पावसाळ्यात बैलगाडी जशी उशिरा, पण मुक्कामाला पोहोचतेच, तसे तिचे उत्तर येते. दिवाळीत आपल्या ओसरीवर सगळे एकदम बोलत होते तेव्हा ती गप्प होती, आणि "हिला माणसे नकोत" असा शेरा कोणीतरी मारला. तो मला फार लागला. एकेकाचे बोलणे तिला पूर्ण कळते, चार जणांचे एकदम आले की धागा सुटतो. नुकतेच सांगितलेले निसटते, ओठांवरचा शब्द सापडत नाही. पण जुने ज्ञान, भाषा आणि समज बहुतेकांची शाबूत राहते. "माझी अक्कल गेली" असे ती म्हणते तेव्हा हे तिला समजावून सांग. तिचे वाक्य मात्र तू पुरे करू नकोस.

आता भावनांविषयी, कारण मला जास्त काळजी त्याची आहे. या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते. आजार झाल्याचे दुःख हे त्याचे एक कारण. मेंदूत होणारी दाहक्रिया आणि तिथले व्रण हेही कारण असू शकते. म्हणून "मन घट्ट कर" हा आपल्याकडचा सल्ला इथे अपुरा आहे, आणि तिला तो कोणी दिलेला मला चालणार नाही. नैराश्यावर औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात. काही जणांना मनात तसे काही नसतानाही रडू किंवा हसू आवरत नाही; तेही मेंदूतूनच येते आणि त्यावरही औषध आहे. या आजाराचा अटॅक येतो, म्हणजे लक्षणे एकाएकी उफाळतात, त्या वेळी स्टिरॉइड दिले जातात, तेव्हा झोप उडते आणि चिडचिड वाढते, हेही ध्यानात ठेव. रात्रीबेरात्री तिला फारच खचल्यासारखे वाटले, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो घरात लिहून ठेव.

आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा तिला वेगळाच त्रास देतो. शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी या आजारातील लक्षणे तात्पुरती बळावतात, थकवा येतो आणि विचार आणखी मंदावतो. अंग थंडावले की ते उतरते. जर्मन डॉक्टर ऊटहोफ यांनी व्यायामानंतर नजर अंधुक होण्याचे असे निरीक्षण १८९० मध्येच नोंदवले होते. तेव्हा बँकेची, हिशेबाची कामे सकाळीच उरकावीत आणि दुपारी कूलरसमोर तिने पडून राहिले तर तिला आळशी कोणी म्हणू नये.

पुढच्या तपासणीला न्यूरोलॉजिस्टना ही सगळी लक्षणे सांग. तिच्यादेखत सांग, तिच्या पाठीमागे नको. चिन्हे आणि अंक जुळवण्याची दीड मिनिटाची एक चाचणी असते; ती करून घेतली तर पुढे फरक पडला तो कळेल. थायरॉइड, बी-१२ आणि झोप यांचीही चौकशी कर, कारण विसराळूपणा त्यांमुळेही येतो. नियमित व्यायामाने थकवा आणि मन दोन्हींना मदत होते. घरात एकच वही ठेवा, औषधे, बिले, निरोप सगळे तिच्यातच लिहा, आणि तूही तीच वही वापर, म्हणजे ती एकटी वेगळी पडणार नाही. तिच्या कार्यालयात सवलत मागायची वेळ आली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. मात्र अर्ज करायचा की नाही, हे तिलाच ठरवू दे.

मी पुढच्या महिन्यात येईन म्हणते. कोणते दिवस तिला सोयीचे आहेत ते तिला विचार आणि मला कळव.

तुझी,
आई