पालिकेतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहिलं तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पर्वतीच्या उतारावरच्या आमच्या जनता वसाहतीत 'पालिकेतले काका' म्हटलं की आमच्या गल्लीला कळतं. निवृत्तीनंतर घरी निवांत पेपर वाचत बसला असतात तर कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही आमच्या मंडळाच्या खोलीत सतरंजीवर येऊन बसलात. त्याचे आभार मनापासून मानायचे आहेत.

वस्तीतल्या मुलांसाठी काहीतरी करू म्हणणारे बरेच येतात. वह्या वाटतात, भाषण करतात, जातात. वह्या उपयोगी पडल्याच. पण तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "गल्लीत एखादं काम हवं असेल तर कुणाकडे मागता?" आमच्याकडे एकच उत्तर होतं: भाऊंकडे. त्यांच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावायचा, मग हळूच विषय काढायचा.

पुणे महापालिकेत 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेतात, हे आम्ही तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. प्रभागातलं छोटं काम कुणीही रहिवासी सुचवू शकतो, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, पुढे तो प्रभाग समितीसमोर जातो. वस्तीतल्या माणसालाही हे करता येतं, यावर आमचा आधी विश्वासच बसेना.

आम्ही पायऱ्यांना कठडा मागायचं ठरवलं. आमची गल्ली म्हणजे नुसता चढ. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, एका हातात हंडा आणि दुसऱ्या हाताला धरायला काहीच नाही. पहिल्या मसुद्यात आम्ही 'नागरिकांची प्रचंड गैरसोय होत आहे' असं लिहिलं होतं. तुम्ही ते वाक्य खोडलंत. "किती पायऱ्या, किती फूट लांबी, किती घरं ही वाट वापरतात, ते लिहा. गैरसोय वाचणाऱ्याला आपोआप दिसेल." मग टेप घेऊन सगळी गल्ली मोजली.

आणि तेव्हाच तुम्ही विचारलंत, "पाणी मुली भरतात, मग इथे सगळे मुलगेच कसे?" आमच्या दारात उभं राहून तुम्ही आईशी बोललात, म्हणून मी त्या खोलीत आले. काका, हे मी कधीच विसरणार नाही. मोजमापाची वही माझ्याकडे आली आणि शेवटी अर्जही माझ्याच अक्षरात गेला.

क्षेत्रीय कार्यालयात तुम्ही मुद्दाम बाहेर बाकावर बसून राहिलात. आत आम्हीच गेलो. "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही," एवढंच बजावलं होतं. आमच्या प्रतीवर शिक्का पडला, आवक क्रमांक लिहिला गेला, तेव्हा छातीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आधार कार्ड, रेशनकार्ड याच्यापलीकडे सरकारी कागदाशी आमचा संबंधच काय होता!

पुढे कामाचं काय झालं हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्जही तुम्हीच शिकवलात: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला 30 दिवसांची मुदत आणि प्रश्न नेमका. "चिडून लिहू नका, तारीख घालून लिहा." आता गल्लीतल्या बायका शाळेच्या दाखल्यापासून मतदार नोंदणीच्या 6 नंबरच्या फॉर्मपर्यंत सगळं घेऊन आमच्या खोलीत येतात. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा फॉर्म आम्ही भरून घेतो. फ्लेक्स लावणारी आमचीच मुलं आता यात पुढे असतात, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

खालच्या टप्प्याला कठडा बसला. आमची आजी तो धरून एकटी खाली उतरते, दवाखान्यात जाते.

वरचा टप्पा राहिला आहे. त्याचं मोजमाप या वेळी नववी-दहावीच्या मुलींनी केलं आणि मसुदाही त्यांनीच लिहिला. रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येते. त्यांचंही वाक्य न वाक्य तपासा, आमचं तपासायचात तसंच.

तुमची,
जनता वसाहतीतली एक मुलगी