हीथ्रो ते गॅटविक : चुकलेल्या विमानाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : लंडनमधला ‘3 तास 10 मिनिटांचा थांबा’ आणि नाकारलेला परतावा

महोदय,

आपल्या ॲपवरून मी आई-बाबांची बडोदे–मुंबई–लंडन–बेलफास्ट अशी तिकिटं काढली होती. मुंबईचं विमान हीथ्रोला वेळेवर उतरलं. बेलफास्टचं सुटणार होतं गॅटविकहून. आपल्या तिकिटावर दोन्ही ठिकाणी ठळक ‘लंडन’, खाली बारीक टाइपात एल-एच-आर (हीथ्रो) आणि एल-जी-डब्ल्यू (गॅटविक) हे विमानतळांचे कोड. विमानतळ बदलायचा आहे, असं एका शब्दानंही सांगितलेलं नाही.

आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, “दोन्ही लंडनचेच विमानतळ आहेत सर, अंतर फक्त 40 किलोमीटर.” ते अंतर हवेतलं झालं. माझे आई-बाबा सामान घेऊन उडत जाणार होते का? हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला, गॅटविक पार दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये. एम-25 या वर्तुळाकार रस्त्यानं वळसा घालून गेलं की 65-70 किलोमीटर भरतात, म्हणजे बडोद्याहून भरूच गाठण्याइतके. थेट रेल्वे नाही. रस्ता मोकळा असेल तर बसनं तास-सव्वा तास. तुंबला तर दीड-दोन तासही जातात.

हे सगळं इमिग्रेशनच्या रांगेनंतर. शिवाय आपण दोन वेगळ्या विमान कंपन्यांची तिकिटं जोडून एकच प्रवास म्हणून विकलीत, त्यामुळे सामान पुढे गेलं नाही. ते पट्ट्यावरून उतरवून घ्यायचं, गॅटविकला पुन्हा जमा करायचं, परत सुरक्षा तपासणी. आई-बाबांकडे यूकेचा व्हिसा होता म्हणून निदान हीथ्रोबाहेर पडता आलं. व्हिसा नसलेल्या कुणाला आपण हेच तिकीट लंडनमार्गे तिसऱ्या देशात जायला विकलंत, तर तो तिथेच अडकेल.

ते पोहोचले तेव्हा सामानाचा काउंटर बंद झाला होता. बहिणीनं तिकडून दुसरी तिकिटं काढली, अर्थातच महाग. आणि आपण परतावा नाकारताना कारण दिलंत ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी विमानासाठी आलेच नाहीत. माणसं एम-25वर बसमध्ये खोळंबली होती, घरी झोपली नव्हती! हीथ्रोहूनही बेलफास्टला विमानं जातात. ॲपनं ती मागे टाकून स्वस्त दिसणारी ही जोडणी सगळ्यात वर का दाखवली, हेही कळावं.

नव्या तिकिटांची पूर्ण रक्कम आणि चुकलेल्या विमानाचं भाडं परत मिळावं. विमानतळ बदलणार असेल तिथे दोन्हींची पूर्ण नावं, रस्त्याचं अंतर आणि लागणारा वेळ पैसे भरण्याआधीच दिसायला हवा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019च्या कायद्यानं ग्राहकाला राहत्या ठिकाणी दाद मागता येते.

तिकिटं, बसची पावती आणि नव्या तिकिटांची बिलं जोडली आहेत. उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे