श्रवणयंत्राचे शेवटचे तीन इंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनानिमित्त आपल्या पुरवणीत श्रवणयंत्रांविषयी आलेला मजकूर मी बारकाईने वाचला. किती चॅनेलचे (म्हणजे आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळणारे) मशीन घ्यावे, सेलचे बरे की चार्जिंगचे, ब्लूटूथ हवे की नको, ही माहिती उपयोगाची होती. पण कानामागे लावायच्या मशीनमधला आवाज ज्या वाटेने कानात उतरतो, तिच्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. ती दुकानदार सांगत नाही, जाहिरातीत येत नाही, मोफत वाटपाच्या शिबिरात तर तिचे नावही कोणी काढत नाही. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले आणि आता माझ्या स्वतःच्या दोन्ही कानांमागे मशीन आहे. म्हणून हे लिहायलाच हवे असे वाटले.

या मशीनमध्ये आवाज बाहेर टाकणारा बारीकसा स्पीकर, ज्याला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ मंडळी रिसिव्हर म्हणतात, तो कानामागच्या कवचातच असतो. तिथून आवाज कानावर अडकवलेल्या हुकात येतो, हुकातून पारदर्शक नळीत आणि नळीतून मोल्डच्या, म्हणजे कानाच्या साच्यावरून घडवून कानात बसवलेल्या तुकड्याच्या छिद्रात. हुक, नळी आणि मोल्ड मिळून ही वाट साधारण ७५ मिलिमीटरची, म्हणजे तीन इंचांची. आतली चिप कितीही महाग असली तरी तिने केलेल्या कामाचे सोने होणार की माती, ते या तीन इंचांत ठरते.

ज्यांनी बारावीला विज्ञान घेतले होते त्यांना प्रयोगशाळेतली अनुनाद नलिका आठवत असेल. एका टोकाला बंद असलेल्या नळीतली हवा ठरावीक वारंवारतांनाच जोरात घुमते. नळीची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश झाली की पहिला अनुनाद, मग त्याच्या तिप्पट वारंवारतेला दुसरा, पाचपटीला तिसरा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून सूत्रात ७५ मिलिमीटर घाला. उत्तरे येतात सुमारे ११४०, ३४३० आणि ५७२० हर्ट्झ. हुक-नळीच्या मशीनमधून कोणत्या वारंवारतेला किती आवाज बाहेर पडतो याचा आलेख काढला तर १०००, ३००० आणि ५००० हर्ट्झच्या आसपास जी टोकदार शिखरे दिसतात, ती बहुतांशी याच नळीची देणगी. रिसिव्हरचा स्वतःचा अनुनाद त्यात भर घालतो तो वेगळाच.

घरात याचा परिणाम काय होतो ते पाहा. हजार हर्ट्झच्या आसपासच्या शिखरामुळे ‘आ’सारखे मोकळे स्वर अंगावर आल्यासारखे मोठे ऐकू येतात. माणूस वैतागून आवाज कमी करतो. तो कमी केला की आधीच क्षीण असलेली स, श, ख, थ ही व्यंजने पार बुडतात, कारण त्यांची ओळख पटवणारी ऊर्जा वरच्या वारंवारतांत असते. ‘स’ची तर बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर. मग ‘सात’चे ‘आत’ होते, ‘थाट’ आणि ‘ताट’ यांत फरक राहत नाही. घरचे म्हणतात, मशीन लावूनही आजींना कळत नाही. आजी म्हणतात, ऐकू येते गं, पण काय बोलता ते समजत नाही. ही तक्रार आपल्याकडे वयावर ढकलून दिली जाते. तिचा काही भाग तरी त्या नळीच्या माथी मारायला हवा.

यावर उपाय जुना आहे आणि स्वस्तही. हुकाच्या टोकाशी किंवा नळीत डँपर नावाची बारीक जाळी बसवतात. ती आवाजाला थोडा रोध करते आणि शिखरे सपाट होतात. या जाळ्या रंगांवरून ओळखतात: ६८० ध्वनिक ओहमची (हे आवाजाला होणाऱ्या रोधाचे माप) पांढरी, १५०० ची हिरवी, २२०० ची लाल. मोल्डच्या टोकाशी बसवली तर ती सगळ्यात चांगले काम करते, पण तिथे कानातला मळ आणि ओल लागून लवकर बुजते, म्हणून बहुधा हुकातच बसवतात. दुसरी युक्ती नळीच्या आकाराची. साध्या नळीचा आतला व्यास १.९३ मिलिमीटर सर्वत्र सारखाच असतो. तीच नळी मोल्डकडे जाताना रुंद होत ४ मिलिमीटरपर्यंत उघडली, तर वरच्या वारंवारता, म्हणजे नेमकी आपली स-श-ख-थ, अधिक जोराने बाहेर पडतात. अमेरिकेत मीड किलियन आणि रॉबर्ट लिबी यांनी हे काम पुढे आणले, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. लिबी हॉर्न म्हणून ती नळी आजही मिळते. ज्यांचा कान अरुंद आहे त्यांच्यासाठी ३ मिलिमीटरचीही असते. उलट, दिसायला नाजूक म्हणून जी अगदी बारीक नळी आग्रहाने गळ्यात मारली जाते, ती वरच्या वारंवारतांचा बळी देते. कुणाला ती पुरते, कुणाला नाही. पण घेणाऱ्याला हे सांगितले तर पाहिजे!

माझ्या थोरल्या जाऊबाईंना एका शिबिरात कानामागचे मशीन मिळाले. सोबत रबराच्या तयार टोप्या होत्या, लहान, मध्यम, मोठी. मोल्ड नव्हता. भाकरी चावताना जबडा हलला की टोपी सैल व्हायची आणि शिट्टी वाजायची. कानातून निसटलेला आवाज दोन-तीन इंचांवरच्या मायक्रोफोनमध्ये परत शिरला की ही शिट्टी सुरू होते. मशीन कपाटात गेले. पुढे एका सार्वजनिक रुग्णालयातल्या तरुण ऑडिओलॉजिस्ट मुलीने दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात खोलवर सरकवला, पिचकारीने सिलिकॉनची लगदी भरली, ती घट्ट होऊ दिली आणि साचा काढला. मोल्ड तयार होऊन आला तेव्हा तिने हुक बदलून हिरव्या डँपरचा बसवला. कानात बारीक नळी सरकवून पडद्याजवळचा आवाज मोजला आणि संगणकावर आम्हाला आधीची आणि नंतरची अशा दोन्ही रेषा दाखवल्या. पहिल्या रेषेवरचे शिखर दुसरीत सपाट झाले होते. मशीन तेच, चिप तीच. जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अगं, आता तू ओरडत नाहीस.” मी काही वेगळ्या आवाजात बोलत नव्हते.

ती मोजणी का महत्त्वाची, तेही सांगते. कारखान्यात मशीनची चाचणी २ घन सेंटिमीटरच्या धातूच्या पोकळीत होते. आपल्या कानात मोल्ड बसल्यावर पडद्यापर्यंत उरणारी जागा त्याहून लहान असते, बाळाच्या कानात तर फारच लहान. जागा लहान म्हणजे तोच आवाज अधिक दाबाचा. शिवाय उघड्या कानाला निसर्गाने २७०० हर्ट्झच्या आसपास आपला स्वतःचा उठाव दिलेला असतो. मोल्ड बसला की तो जातो आणि मशीनला आधी ती तूट भरून काढावी लागते. कान मोजल्याशिवाय केवळ ऑडिओग्रामवरून, म्हणजे किती कमी ऐकू येते त्याच्या आलेखावरून, मशीन बसवणे हा अंदाजपंचे कारभार आहे. लहान मुलांच्या बाबतीत तो मला अक्षम्य वाटतो, कारण भाषा शिकण्याची त्यांची वर्षे परत येत नाहीत. त्यांचे कान वाढतात तसा मोल्डही काही महिन्यांनी बदलावा लागतो, हेही पालकांना कोणी सांगत नाही.

मोल्डमधले हवेचे छिद्र ही अशीच दुर्लक्षित गोष्ट. छिद्र नसले की स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. एक-दोन मिलिमीटरचे छिद्र ठेवले की तो घुमारा कमी होतो, पण मोठे केले तर खालचे स्वर गळतात आणि शिट्टीचा धोका वाढतो. प्रत्येक कानाला त्याचे त्याचे माप. शिट्टी दाबायला आता मशीनमध्ये सॉफ्टवेअर असते, हे खरे. पण ते लांब चालणाऱ्या स्वरालाच शिट्टी समजून बसते. भजनात पेटीचा सूर धरला की माझ्या कानात तो थरथरू लागायचा. मोल्ड नीट बसवून घेतला, सॉफ्टवेअरवरचा भार हलका झाला आणि पेटी पुन्हा पेटीसारखी ऐकू येऊ लागली.

मायक्रोफोनची जागा हा या रचनेचा जन्मजात दोष. तो कानाच्या वर, पाळीच्या मागे बसतो. त्यामुळे आवाज पुढून आला की मागून, हे ओळखायला कानाच्या घड्या जी मदत करतात ती मिळत नाही. रस्त्यावर मागून गाडी येते तेव्हा ही गैरसोय राहत नाही, धोका होतो. दोन मायक्रोफोनची मशीने पुढचा आवाज निवडतात, पण त्यांची रेषा आडवी राहिली तरच. नळी लांब किंवा आखूड कापली तर कवच कलते आणि मायक्रोफोन आढ्याकडे बघू लागतात. डोक्यावरून पदर घेणाऱ्या बायकांना कापडाची खसखस सतत ऐकावी लागते, कानावर कापड आले की शिट्टीही लवकर येते. मशीन घडवणाऱ्यांनी हे वापरणारे कान डोळ्यांपुढे ठेवून मायक्रोफोनची तोंडे आणि त्यांवरची जाळी ठरवली पाहिजे.

कोणी म्हणेल, आता रिसिव्हर थेट कानात बसणारी मशीने आली, नळीचा प्रश्नच मिटला. ज्यांना जमते त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण कानात घाम आणि मळ असला की तो रिसिव्हर लवकर बिघडतो, आणि तीव्र बहिरेपणाला व लहान मुलांना आजही मोल्डचे कानामागचे मशीनच लागते. सरकारी योजनांतून मिळते तेही बहुतेक हेच. इथे कोकणात पावसाळ्यात नळीत दवाचा एक थेंब अडकला तरी आवाज बंद पडतो. नळी काही महिन्यांत पिवळी पडून कडक होते, आखडते आणि मोल्ड ओढू लागते. ती बदलायला काही मिनिटे लागतात. ती बदलणारे माणूस मात्र तालुक्यात सापडत नाही.

दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी केंद्राची एडिप योजना आहे, २०१७ पासून ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, आणि २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांना एकदाच ३००० रुपये देऊ केले, ज्यात श्रवणयंत्रही येते. या सगळ्या योजनांत मोल्ड हा मशीनचाच भाग धरला जावा, वरखर्च नव्हे. वाटपाच्या दिवशी साचा घ्यावा आणि मोल्ड बसवायला व कान मोजायला दुसरी भेट ठरलेली असावी. हुक डँपरसह यावा, सोबत बदलीच्या नळ्या द्याव्यात. मोल्ड घडवायला मोठा कारखाना लागत नाही. अॅक्रिलिक, छोटे ग्राइंडर, पॉलिशचे चाक आणि हाताचे कसब लागते. वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारखी राष्ट्रीय संस्था आपल्या राज्यात आहे. श्रवणयंत्र दुरुस्ती आणि मोल्ड घडवण्याचा पदविका अभ्यासक्रमही देशात आहे. जिल्हा रुग्णालयात असा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एक लहानशी मोल्ड प्रयोगशाळा असणे ही काही अवास्तव मागणी नाही.

आपल्या वाचकांत मशीन वापरणारे खूप असतील. पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा चॅनेल विचारण्याआधी माझ्या हुकात डँपर आहे का, मोल्डला छिद्र किती मिलिमीटरचे आहे आणि कानात नळी घालून आवाज कधी मोजणार, हे तीन प्रश्न त्यांना विचारा. आपण पुरवणीत या विषयावर एखाद्या ऑडिओलॉजिस्टकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका,
रत्नागिरी