दोन टिंबांचा फरक

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझा जे (J) या प्रोग्रामिंग भाषेतला कोड वाचला. वर्गांची बेरीज चुकते आणि वर वेळही खाते, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: @ आणि @: या दोन क्रिया जोडणाऱ्या चिन्हांतली दोन टिंबं. हे करून बघ:

+/@*: 1 2 3
उत्तर 1 4 9.

+/@:*: 1 2 3
उत्तर 14.

केन आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी जे उभी केली ती १९९० च्या सुमारास. तिच्यात फंक्शनला क्रियापद म्हणतात, आणि प्रत्येक क्रियापदाला रँक असतो, म्हणजे ते एका वेळी केवढा तुकडा उचलतं ते. वर्ग करणाऱ्या *: चा रँक शून्य, म्हणजे ते एकेका आकड्याला लागतं. @ ने जोडलं की सगळी जोडणी उजव्या क्रियापदाचा रँक घेते. मग बेरीज करणाऱ्या +/ च्या हाती दर खेपेला एकच आकडा येतो. एकट्याची बेरीज काय होणार? @: चा रँक अमर्याद, म्हणजे सगळे आकडे एकदम. आधी सगळ्यांचे वर्ग, मग एकदाच बेरीज.

१००० × १००० च्या तक्त्यावर तुझी @ वाली ओळ १० लाख वेळा जोडणी चालवते. दर खेपेला एक आकडा सुटा काढा, दोन क्रियापदं चालवा, निकाल परत जागेवर लावा. खरा गुणाकार त्यात कुठल्या कुठे. तू बाहेरून "1 (रँक १, म्हणजे ओळीगणिक) लावून पाहिलंस, पण रँक बाहेरून वाढत नाही, फक्त कमी होतो. +/@*:"1 आत जाऊन पुन्हा एकेका आकड्यावरच उतरतं. हवं ते असं:

+/@:*:"1

आता ओळींच्या सरासरीची (+/ % #)"1, म्हणजे बेरीज भागिले (%) संख्या (#). तिच्यात चूक नाही, पण किंमत ठरते ती तुकड्यांच्या संख्येवर. १००० लांबीच्या १००० ओळी असतील तर १००० खेपा, चालून जातं. तेच १० लाख आकडे दोन-दोनच्या ५ लाख ओळींत असले की खेपाच सगळा वेळ खातात. तिथे असं लिही:

(+/"1 % {:@$)

{:@$ म्हणजे ओळीची लांबी. +/"1 ला इंटरप्रिटरमध्येच (कोड चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच) खास सोय आहे, ओळीगणिक क्रियापद नव्याने बोलवावं लागत नाही. भागाकारही एकदाच.

म्हणून सगळीकडे "1 पुसत सुटू नकोस. १००० दशांश आकड्यांची ओळ म्हणजे ८००० बाइट, ती कॅशेत (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) आरामात मावते. +/@:*:"1 मध्ये वर्ग आणि बेरीज दोन्ही ती ओळ कॅशेत असतानाच उरकतात. अख्ख्या तक्त्याचे वर्ग आधी केलेस तर ८० लाख बाइटचा मधला ॲरे (आकड्यांचा संच) तयार होतो आणि तो पुन्हा वाचावा लागतो. लांब ओळींना "1, आखूड ओळींना अख्खा तक्ता.

काही जोड्या इंटरप्रिटर ओळखतो. 5 +/@:= 3 5 5 मध्ये तुलनेचा मधला ॲरे बनतच नाही; बेरीज आणि तुलना सुट्या लिहिल्यास तो बनतो. +/@, मध्येही (, तक्ता सपाट करून एकच यादी करतं) सपाट प्रत काढली जात नाही. (तिथे @ चालतं, कारण , चा रँक मुळातच अमर्याद.)

वेळ मोजायला 6!:2, डावीकडे फेऱ्यांची संख्या: 10 (6!:2) आणि पुढे अवतरणात ओळ. मेमरीतल्या जागेसाठी 7!:2. तक्ता आधी नावात साठव, नाहीतर ? ने यादृच्छिक आकडे काढण्याचा वेळही त्यात धरला जाईल. १००० × १००० आणि ५००००० × २, दोन्हींचे आकडे कळव.

तुझा,
मित्र