सर, आमच्या बारक्याला रागावलात त्याबद्दल थँक्यू

नमस्कार सर,

हे तोंडावर बोलायला गेले तर तुम्ही "अय्यो, असू दे की ओ" म्हणणार आणि लगेच कुठल्यातरी पोराच्या नावानं शिट्टी मारणार, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांनी वाचावं असंच लिहिते, कारण शाळेच्या गॅदरिंगला तुम्हाला, म्हणजे आपल्या पीटीच्या सरांना, शाल श्रीफळ दिलं तेव्हा जी भाषणं झाली ती मला काही पटली नाहीत. किती मोठं मन, किती सेवा, देवमाणूस वगैरे. तुम्ही खुर्चीत असे बसलेला की जणू दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागलाय. मला त्यातल्या कशाबद्दल थँक्यू म्हणायचंच नाहीये.

मला थँक्यू म्हणायचंय ते तुम्ही आमच्या बारक्याला भर ग्राउंडवर झापलात आणि मॅचमधून बाहेर काढलंत त्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचा बारका म्हणजे माझा धाकटा भाऊ, आठवीत आहे, त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र पण आहे. समजतं सगळं, खरं वेळ लागतो, आणि एकदम दोन गोष्टी सांगितल्या की दोन्ही सुटतात. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत त्याला कोणी त्रास देत नाही, उलट सगळे लाडच करतात, चॉकलेट देतात, क्रिकेटमध्ये "हा घे, तुझी बॅटिंग" म्हणून दोन बॉल टाकतात, आऊट झाला तरी आऊट देत नाहीत आणि मग हळूच बाजूला बसवून खरी मॅच सुरू करतात. चांगलीच पोरं आहेत ती. खरं त्याला कळायचं ओ सर, की आपली बॅटिंग खोटी होती.

तुम्ही युनिफाइड टीम करायची म्हणालात तेव्हा आम्हाला वाटलं तसलंच काहीतरी असेल, फोटोपुरतं. पालकांच्या मीटिंगमध्ये तुम्ही सगळं नीट सांगितलं, स्पेशल ऑलिम्पिक्स १९६८ साली शिकागोत सुरू झालं, ते पॅरालिम्पिक नव्हे, हे बौद्धिक दिव्यांग खेळाडूंचं वेगळं आहे, आणि १९८९ पासून त्यात युनिफाइड स्पोर्ट्स म्हणून बौद्धिक दिव्यांग आणि बाकीची अशी दोन्ही प्रकारची मुलं एकाच टीममध्ये खेळतात. बर्लिनला २०२३ मध्ये भारताच्या खेळाडूंनी २०२ मेडल आणली, त्यातली ७६ गोल्ड, हे तुम्ही सांगितलं तेव्हा हॉलमध्ये अर्ध्या लोकांना ते पहिल्यांदा कळलं, मी पण त्यातलीच. क्रिकेटची सराव मॅच हरलो तरी आठ दिवस चर्चा असते आपल्याकडे.

आणि कोणीतरी मागनं बोललं की ह्या मुलांना खेळायला वेगळी शाळा असते की. तेव्हा तुम्ही आवाज न चढवता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १६ सांगितलंत, सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळेनं प्रवेश तर द्यायचाच, वर शिक्षण आणि खेळ दोन्हीची संधी बाकीच्या मुलांसारखीच द्यायची. पीटीचे सर कलम सांगताहेत म्हटल्यावर सगळे गपगार.

टीम निवडताना मात्र तुम्ही खरी गंमत केली. फाइव्ह अ साइड फुटबॉल, ग्राउंडवर तीन अ‍ॅथलीट म्हणजे आमच्या बारक्यासारखे आणि दोन पार्टनर म्हणजे बाकीचे. सगळ्यांना वाटलं दोन पार्टनर म्हणजे शाळेच्या टीममधले स्टार घेणार, मग काय मॅच खिशातच. बेळगावात फुटबॉलचं वेड किती आहे ते काय सांगायचं, लेले ग्राउंडवर शनिवार रविवार जाऊन बघा. तुम्ही त्यातला एकही घेतला नाही. घेतली ती कधीच कुठल्या टीममध्ये नाव न आलेली पोरं, जी दर वर्षी सिलेक्शनला येतात आणि पाण्याच्या बाटल्या भरून परत जातात. वय जवळपास एक आणि खेळ जवळपास एक असलाच पाहिजे, नाहीतर दोघं खेळणार आणि तिघं बघणार, हे तुमचं म्हणणं, आणि नियमाचं पण तेच म्हणणं आहे. अ‍ॅथलीट जखमी झाला आणि त्याच्या जागी दुसरा अ‍ॅथलीट नसेल तर तिसरा पार्टनर घुसवता येत नाही, कमी माणसांत खेळायचं, हे तर मला फारच आवडलं. एका आईनं विचारलेलं, माझा मुलगा नॉर्मल आहे, त्याला ह्यांच्यात का टाकलं? तुम्ही म्हणालात, "तुमचा पण मुलगा खेळायचा राहिलाच होता की." तो मुलगा अजून येतोय. आई काय म्हणते माहीत नाही.

तुमचं शिकवणं मी कंपाउंडला टेकून बघायचे. एका वेळी एकच गोष्ट. सांगायचं कमी, करून दाखवायचं जास्त. रोज तोच क्रम, आधी पळणं, मग पास, मग गोल, मग मॅच, म्हणजे पुढं काय येणार ह्याची पोरांना धास्ती नाही. डावं उजवं बारक्याला आजही गोंधळात टाकतं, तुम्ही ते बंदच करून सोडलं, "देवळाकडं मार", "रस्त्याकडं पळ" असं सुरू केलं, आता सगळी टीम तेच ओरडते. (दुसऱ्या ग्राउंडवर देऊळ नसलं तर काय, हे आमच्या अप्पांनी विचारलेलं. तुम्ही म्हणालात, तिथं जे असेल ते.) आणि टीममधल्या एका डाऊन सिंड्रोमवाल्या पोराच्या मानेच्या मणक्यांत ढिलेपणा असू शकतो म्हणून डॉक्टरचा कागद येईपर्यंत त्याला हेडिंग म्हणजे डोक्यानं बॉल मारणं करू दिलं नाही, तो रुसला, त्याचे बाबा पण रुसले, तरी नाही.

आता मुद्द्यावर येते. सुरुवातीला पार्टनर पोरं बारक्याला मुद्दाम गोल करू द्यायची. गोलकीपर उगाच उलट्या बाजूला पडायचा आणि सगळे टाळ्या. तुम्ही शिट्टी मारून खेळ थांबवलात आणि त्या गोलकीपरला उभं करून म्हणालात, "त्याला समजतंय रे. परत असं केलंस तर घरी जा." मग आठवड्यामागून आठवडे गेले, बारक्याचा एक गोल होईना. आमची आई घरी तुमच्या नावानं काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. मग जो झाला तो पोस्टला लागून आत गेला, दिसायला अगदी फालतू, खरं त्यानंतर पोरगं ज्या पद्धतीनं पळालं तसं त्या खोट्या गोलांनंतर एकदाही पळालं नव्हतं.

आणि ते झापणं. मॅच सुरू असताना पास मिळाला नाही म्हणून हा मधोमध मांडी घालून बसला. घरात हे चालतं, शाळेत पण चालायचं, सगळे समजूत काढत बसायचे. तुम्ही बदली खेळाडू आत पाठवलात, ह्याला बाहेर घेतलंत आणि म्हणालात, खेळायचं तर उभं राहून, रुसायचं तर बेंचवर, दोन्ही चालतंय, ग्राउंडवर बसायचं नाही. उरलेली मॅच तो बेंचवर. त्याच मॅचला एका पार्टनरला पण काढलंत, पास न देता एकटाच बॉल घेऊन पळत होता म्हणून. दोघं शेजारी शेजारी फुगून बसलेले. सर, माझ्या भावाला आजपर्यंत कोणी दुसऱ्या पोरासारखी आणि दुसऱ्या पोराच्या बरोबरीनं शिक्षा केली नव्हती. दया सगळ्यांनी केली, तीही मनापासून. त्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच ठेवली नव्हती.

त्याचा परिणाम पण ऐका. परवा तो बेंचवरचा पार्टनर आमच्या दारात आला, बारक्यानं सायकल नेली आणि चेन पाडून आणली म्हणून भांडायला. बारक्याची तक्रार घेऊन घरी कोणीतरी यायची ही पहिलीच वेळ! अप्पा माग बंद करून बाहेर आले, सगळं ऐकून घेतलं आणि इतके खूश झाले की त्या पोराला चहा पाजूनच पाठवलं. चेन बारक्यालाच बसवायला लावली, हात काळे झाले, दोघं हसत होते.

सगळं मस्त चाललंय असं मी म्हणत नाही. जिंकायची भाषा सुरू झाली की अजून पार्टनर पोरं बॉल सोडत नाहीत. मुलींची टीम नाही, ती पाहिजे, आमच्याच गल्लीत एक आहे, आठ वर्षांची झालीय म्हणजे वयात पण बसते, तिच्या घरी बोलायला मी येते तुमच्याबरोबर, तुमचं मराठी फर्स्ट क्लास असलं तरी आजीला पटवायला बाई माणूस लागतंय. आणि दहावीनंतर बारक्याचं काय ही आईची काळजी, तिला मी सांगितलंय की ह्या खेळात वरची वयाची अट नाही, तरी तुमच्या तोंडून एकदा ऐकू दे.

शूजचे पैसे अप्पा शुक्रवारी पाठवतात, नको म्हणू नका, बाकीच्या पालकांनी दिलेत तसे आम्ही पण देणार. आणि प्रॅक्टिस सोमवारी आहे की मंगळवारी ते कळवा, बारका सकाळपासून विचारून डोकं खातोय आणि तुम्ही फोन उचलत नाही.

तुमची,
बारक्याची ताई, वडगाव